चुंबकीय प्रक्रिया केलेले सिंचनाचे पाणी

पिकाला देण्यापूर्वी चुंबकीय क्षेत्रातून वाहू दिलेल्या पाण्यास चुंबकीय प्रक्रिया केलेले सिंचनाचे पाणी असे म्हणतात. ‘चुंबकित पाणी’ ही संज्ञाही रूढ आहे. अशा पाण्यामुळे रोपांची वाढ सुधारते, पिकाची पाणी वापरण्याची कार्यक्षमता वाढते आणि अवर्षणाच्या काळात पीक अधिक तग धरते, असे या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे प्रतिपादन आहे. पाण्याच्या ताणास संवेदनशील असलेल्या टोमॅटो पिकावर याविषयी प्रयोग झाले असून त्यांतील काहींचे निष्कर्ष अनुकूल आहेत. तथापि, हा परिणाम कोणत्या कारणाने घडतो याचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप उपलब्ध नाही. कुंडीतील प्रयोगांचे निष्कर्ष प्रत्यक्ष शेतावर तितक्याच प्रमाणात उतरतात, हेही निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

संज्ञा व व्याप्ती

‘प्रक्रिया केलेले पाणी’ हा शब्दप्रयोग शेतीच्या संदर्भात अनेक अर्थांनी केला जातो. शुद्धीकरण केलेले सांडपाणी, क्षार काढून टाकलेले मचूळ पाणी, ठिबक संच स्वच्छ राहावा म्हणून आम्ल मिसळलेले पाणी आणि चुंबकीय क्षेत्रातून नेलेले पाणी हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. पहिल्या तीन प्रकारांत पाण्यातील घटक बदलतात व तो बदल प्रयोगशाळेत सहज मोजता येतो. चुंबकीय प्रक्रियेत पाण्यात काही मिसळले जात नाही व त्यातून काही काढलेही जात नाही. या लेखात केवळ या चौथ्या प्रकाराचा विचार केला आहे.

‘चुंबकित पाणी’ हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. लोखंडाचा तुकडा चुंबकाच्या सान्निध्याने चुंबक बनतो, तसे पाणी चुंबक बनत नाही. पाणी हा प्रतिचुंबकीय पदार्थ आहे. चुंबकीय क्षेत्रात त्यावर अत्यंत क्षीण असे प्रतिकर्षण होते आणि क्षेत्र दूर होताच ते नाहीसे होते.

टोमॅटो आणि पाण्याचा ताण

टोमॅटोच्या (शास्त्रीय नाव : सोलॅनम लायकोपर्सिकम) पिकलेल्या फळात सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक आकडेवारीनुसार ९० ते १२० दिवसांच्या टोमॅटो पिकास हवामानानुसार ४०० ते ६०० मिलिमीटर पाणी लागते. ५०० मिलिमीटर हे प्रमाण धरल्यास एका हेक्टरला सुमारे ५० लाख लिटर पाण्याची गरज भासते.

जमिनीतील ओलावा कमी होऊ लागला की मुळांमध्ये व पानांमध्ये ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. त्यामुळे पानांवरील पर्णरंध्रे मिटू लागतात. बाष्पोत्सर्जन घटल्याने वनस्पतीतील पाणी राखले जाते. परंतु त्याच रंध्रांतून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. हे आम्ल पुरेसे तयार करू न शकणारी टोमॅटोची काही उत्परिवर्तित वाणे अभ्यासकांना परिचित आहेत. त्यांची रंध्रे वेळेवर मिटत नाहीत व रोपे लवकर कोमेजतात. ताण वाढत गेल्यास पेशींमध्ये प्रोलिनसारखे विद्राव्य पदार्थ साचतात आणि पेशींतील पाणी टिकवून धरण्यास त्यांचे साहाय्य होते. याच काळात घातक ऑक्सिजन-संयुगे निर्माण होऊन पेशीपटले व हरितद्रव्य यांना इजा पोहोचू शकते.

पाण्याच्या कमतरतेचा परिणाम पिकाच्या अवस्थेनुसार बदलतो. रोपांच्या पुनर्लागवडीनंतरचे दिवस, फुलोरा आणि फळे पोसण्याचा काळ या अवस्था सर्वाधिक संवेदनशील होत. फुलोऱ्यात ताण पडल्यास फुलगळ होते. पाणी अनियमित मिळाल्यास फळांपर्यंत कॅल्शियम पुरेसे पोहोचत नाही व फळाचा देठाविरुद्धचा भाग काळा पडून सडतो. याउलट शाकीय वाढीच्या काळातील सौम्य ताणाने मुळांची वाढ चांगली होते, तर फळे पिकताना पाणी थोडे कमी केल्यास त्यांतील विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण वाढते. म्हणूनच एखाद्या उपायाने ‘टोमॅटो अवर्षण सहन करतो’ असे म्हणताना तो ताण कोणत्या अवस्थेत, किती दिवस व किती तीव्र होता, हे सांगणे आवश्यक ठरते.

उपकरणे व वापर

चुंबकीय प्रक्रियेसाठी सामान्यतः दोन प्रकारची उपकरणे वापरली जातात. पहिल्या प्रकारात फेराइट किंवा निओडिमियमचे कायमस्वरूपी चुंबक नळीच्या बाहेरून बसवतात किंवा नळीच्या जोडणीतच घालतात. त्यांना वीज लागत नाही. दुसऱ्या प्रकारात नळीभोवती तारेचे वेटोळे गुंडाळून त्यातून विद्युतप्रवाह सोडतात. अशा उपकरणांतील क्षेत्राची तीव्रता सहसा मिलिटेस्ला या एककात सांगितली जाते. पृथ्वीचे स्वाभाविक चुंबकीय क्षेत्र टेस्लाच्या सुमारे २५ ते ६५ दशलक्षांश इतके असते. त्या मानाने १०० मिलिटेस्लाचे क्षेत्र हजारो पटींनी तीव्र ठरते.

प्रक्रियेचा परिणाम क्षेत्राची तीव्रता, पाण्याचा वेग, क्षेत्रात राहण्याचा काळ, चुंबकांची मांडणी, नळीचा पदार्थ आणि पाण्यातील विद्राव्य क्षार यांवर अवलंबून असल्याचे सांगितले जाते. या सर्व बाबी प्रत्येक प्रयोगात वेगवेगळ्या असल्यामुळे निरनिराळ्या प्रयोगांची परस्परांशी तुलना करणे कठीण जाते.

इतिहास

या पद्धतीचा उगम शेतीत नव्हे, तर बाष्पकांच्या देखभालीत झाला. कठीण पाणी तापवल्यास त्यातील कॅल्शियम कार्बोनेटचा थर बाष्पकाच्या व नळ्यांच्या आतील पृष्ठभागावर जमतो. तो रोखण्यासाठी विद्युतचुंबक वापरण्याच्या कल्पनेस अमेरिकेत १८९० मध्ये एकस्व मिळाले होते. १९४५ मध्ये बेल्जियममधील थिओ व्हर्मेरेन यांनी अशा उपकरणाचे एकस्व घेतले आणि त्यानंतर युरोपात त्याचा व्यापारी प्रसार होऊ लागला. सोव्हिएत संघात या विषयावर मोठ्या प्रमाणात काम झाले. तेथील व्ही. आय. क्लासेन यांनी जलीय द्रावणांवरील चुंबकीय प्रक्रियेविषयी १९७८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. औद्योगिक वापराकडून शेतीकडे ही कल्पना हळूहळू वळली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इजिप्त, ऑस्ट्रेलिया इत्यादी पाणीटंचाई अनुभवणाऱ्या देशांतून पिकांवरील प्रयोगांचे निबंध प्रसिद्ध झाले.

संभाव्य कार्यपद्धती

चुंबकीय क्षेत्रामुळे पाण्याच्या रेणूंचे मोठे समूह फुटून लहान समूह बनतात आणि असे ‘हलके’ पाणी मुळांत सहज शिरते, हे स्पष्टीकरण जाहिरातींतून वारंवार आढळते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते टिकत नाही. द्रवरूप पाण्यातील हायड्रोजन बंध सतत तुटत व जुळत असतात. एका बंधाचे आयुष्य सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास असते. त्यामुळे नळीत निर्माण झालेली एखादी विशिष्ट रचना शेताच्या शेवटच्या सरीपर्यंत टिकून राहणे संभवत नाही. शिवाय मुळांच्या पेशीपटलांतील जलमार्गांतून पाण्याचे रेणू एकामागोमाग एक असे जातात, समूहाने नव्हे.

दुसरे स्पष्टीकरण वाहत्या पाण्यातील आयनांवरील बलाचे आहे. मीटरभर प्रतिसेकंद वेगाने वाहणारे पाणी ०.१ टेस्ला क्षेत्रातून गेल्यास आयनांवर प्रतिमीटर सुमारे ०.१ व्होल्ट विद्युतक्षेत्राइतका परिणाम होतो. शेजारच्या रेणूंमुळे आयनाभोवती स्वभावतःच असणाऱ्या विद्युतक्षेत्राच्या तुलनेत तो नगण्य आहे.

क्षारांच्या स्फटिकीकरणावरील परिणामाचा पुरावा मात्र तुलनेने बळकट आहे. जपानमध्ये हिगाशितानी व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कॅल्शियम कार्बोनेटच्या कणनिर्मितीवर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होत असल्याचे नोंदवले. बेकर व जड यांनी १९९६ मध्ये या विषयावरील संशोधनाचा परामर्श घेतला. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील मायकेल कोई व स्टीफन कॅस यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चुंबकीय क्षेत्रातून नेलेले पाणी तापवल्यावर मिळालेल्या साक्यात कॅल्साइटच्या तुलनेत ॲरागोनाइट या स्फटिकरूपाचे प्रमाण वाढलेले आढळले. दोन्ही रूपे कॅल्शियम कार्बोनेटचीच असली, तरी त्यांची स्फटिकरचना भिन्न असते. स्फटिक तयार होण्यापूर्वी द्रावणात असणाऱ्या आयनसमूहांवर क्षेत्राचा परिणाम होत असावा, अशी उपपत्ती कोई यांनी २०१२ मध्ये मांडली. ही उपपत्ती खरी मानली तरी ती क्षार असलेल्या कठीण पाण्यालाच लागू पडते. वनस्पतीच्या ताणसहनशीलतेचा उलगडा तिने आपोआप होत नाही.

पिकांवरील प्रयोग

इजिप्तमधील सेलिम व एल-नॅडी यांनी टोमॅटोवर केलेला प्रयोग २०११ मध्ये ‘ॲक्टा ॲस्ट्रॉनॉटिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कुंड्यांतील रोपांना पाण्याचा ताण देऊन चुंबकीय प्रक्रिया केलेले बी, तशी प्रक्रिया केलेले पाणी आणि दोहोंचा एकत्र वापर यांचे परिणाम त्यांनी तपासले. ताणामुळे घटलेली रोपांची वाढ चुंबकीय प्रक्रियेने काही अंशी भरून निघाल्याचे त्यांनी नोंदवले. रोपाच्या अंतर्गत रचनेतही अनुकूल बदल त्यांना आढळले.

टोमॅटोविषयीचा आणखी एक उल्लेखनीय प्रयोग क्यूबात झाला. डी सूझा व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात पेरणीपूर्वी टोमॅटोच्या बियांवर चुंबकीय प्रक्रिया केल्यास रोपांची वाढ व उत्पादन वाढते, असा निष्कर्ष काढला होता. मात्र येथे प्रक्रिया बियांवर होती, पाण्यावर नव्हती. या दोन बाबींची गल्लत अनेकदा केली जाते.

ऑस्ट्रेलियातील माहेश्वरी व ग्रेवाल यांचा २००९ मधील अभ्यास पाण्याच्या प्रकारानुसार केलेल्या तुलनेमुळे महत्त्वाचा मानला जातो. पिण्याचे पाणी, पुनर्वापराचे पाणी आणि निरनिराळ्या क्षारतेचे पाणी चुंबकीय प्रक्रियेसह व प्रक्रियेविना तीन पिकांना देण्यात आले. सेलरीच्या उत्पादनात पुनर्वापराच्या पाण्यावर १२ टक्के व ३००० पीपीएम क्षारतेच्या पाण्यावर २३ टक्के वाढ आढळली. स्नो पी या कोवळ्या शेंगांच्या वाटाण्यात ही वाढ सुमारे ६ ते ८ टक्के होती. साध्या वाटाण्यात मात्र कोणताही लाभ दिसला नाही. हा अभ्यास हरितगृहातील असल्याने शेतावरील पडताळणी आवश्यक असल्याचे संशोधकांनीच नमूद केले. इजिप्तमध्ये हरभरा व गहू या पिकांवरही अनुकूल निष्कर्ष नोंदवले गेले आहेत.

पुराव्याच्या मर्यादा

उपलब्ध प्रयोगांचे मूल्यमापन करताना पुढील अडचणी लक्षात घ्याव्या लागतात.

कुंडी व शेत यांतील फरक : कुंडीत मुळांना मर्यादित माती मिळते व ताण झपाट्याने वाढतो. शेतात टोमॅटोची मुळे अनुकूल जमिनीत मीटरभर वा त्याहून खोल जाऊन तेथील ओलावा घेऊ शकतात. त्यामुळे कुंडीत दिसलेला फरक शेतात कमी होण्याची किंवा नाहीसा होण्याची शक्यता असते.

तुलनेतील त्रुटी : प्रक्रियेचे पाणी पंपाने उपकरणातून पुन्हा पुन्हा फिरवले आणि तुलनेचे पाणी थेट नळाचे घेतले, तर फरक चुंबकामुळे पडला की फिरवण्यामुळे, हे सांगता येत नाही. पाणी फिरवल्याने त्यातील विरघळलेले वायू, तापमान व सामू बदलू शकतात. तुलनेचे पाणीही त्याच नळीतून, त्याच वेगाने, चुंबक नसलेल्या तशाच उपकरणातून नेणे आवश्यक असते.

लहान फरक : एकाच शेतातील दोन वाफ्यांच्या उत्पादनात जमिनीच्या पोतामुळेही पाच-दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. पुरेशा पुनरावृत्ती नसल्यास एवढ्या लाभाचे श्रेय चुंबकाला देता येत नाही.

प्रसिद्धीतील कल : अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध होण्याची शक्यता प्रतिकूल निष्कर्षांपेक्षा अधिक असते. त्यामुळे प्रसिद्ध निबंधांच्या संख्येवरून पद्धतीच्या यशाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

क्षारयुक्त पाणी व गैरसमज

चुंबकीय उपकरणाने खारे पाणी गोडे होते, हा सर्वाधिक प्रचलित गैरसमज होय. उपकरणातून गेलेल्या पाण्यातील एकूण विद्राव्य क्षार तेवढेच राहतात. मातीतील ओलाव्याची विद्युतवाहकता प्रतिमीटर २.५ डेसिसीमेन्सपर्यंत असल्यास टोमॅटोचे उत्पादन सामान्यतः घटत नाही. त्यापुढील प्रत्येक एककामागे ते सुमारे १० टक्क्यांनी घटते. म्हणजे ही वाहकता ५ पर्यंत पोहोचल्यास जवळजवळ चतुर्थांश उत्पादन गमवावे लागते. अवर्षणात विहिरींची पातळी खालावून पाणी अनेकदा अधिक क्षारयुक्त होते आणि जमिनीतील क्षार धुऊन जाण्यास पुरेसे पाणीही उरत नाही. अशा वेळी उपकरणावर विसंबून पाण्याची व मातीची तपासणी टाळल्यास पिकाचे नुकसान तर होतेच, शिवाय जमीन चोपण किंवा खारवट होण्याचा धोका वाढतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी, पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर हे तालुके टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहेत. पिंपळगाव बसवंत व नारायणगाव येथील बाजारांत टोमॅटोची मोठी उलाढाल होते. राज्याचा बराच भाग बेसॉल्ट खडकाचा असून तेथील विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट पुष्कळदा आढळतात. त्यांच्यामुळे ठिबक संचाच्या ड्रिपरमध्ये पांढरा साका धरतो, काही ड्रिपर बंद पडतात आणि एकाच ओळीतील काही झाडांना पाणी मिळते तर काहींना मिळत नाही.

या ठिकाणी दोन भिन्न परिणाम वेगळे ओळखणे आवश्यक असते. चुंबकीय उपकरणाने साका कमी धरला, तर सर्व झाडांना समान पाणी मिळून पीक सुधारलेले दिसेल. परंतु ही सुधारणा ड्रिपर मोकळे राहिल्याची असेल, टोमॅटोच्या अंगी नवी ताणसहनशीलता आल्याची नव्हे. संचाची नियमित आम्लप्रक्रिया व गाळण यंत्रणेची स्वच्छता यांनीही तोच लाभ मिळू शकतो. म्हणून उपकरणाच्या किमतीची तुलना या खर्चाशी करणे इष्ट ठरते.

शेतावरील तुलनात्मक चाचणी

एखाद्या उपकरणाचा दावा स्वतःच्या शेतात तपासावयाचा असल्यास पुढील पथ्ये पाळावी लागतात. एकाच वाणाची, एकाच दिवशी लावलेली रोपे घेऊन शेताचे किमान आठ ते दहा लहान भाग पाडावेत. कोणत्या भागाला प्रक्रियेचे पाणी द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चांगली जमीन एका बाजूला जाऊ देऊ नये. उरलेल्या भागांना त्याच आकाराच्या, परंतु चुंबक नसलेल्या जोडणीतून पाणी द्यावे. दोन्हीकडील पाणी मापकाने मोजावे आणि आरंभी व नंतर ठरावीक अंतराने सर्व ड्रिपरचा प्रवाह तपासावा. कडेच्या ओळी हिशेबात धरू नयेत. प्रत्येक तोड्याचे वजन स्वतंत्रपणे नोंदवावे आणि वजन करणाऱ्यास कोणता माल कोणत्या भागातील आहे हे माहीत नसावे.

अखेरीस एक घनमीटर पाण्यामागे किती किलो फळे मिळाली, हा आकडा काढावा. चांगल्या व्यवस्थापनाखालील टोमॅटोत अन्न व कृषी संघटनेने तो १० ते १२ किलो सांगितला आहे. एका हंगामाचा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही. दुसऱ्या हंगामातही तोच कल दिसल्यास त्यास महत्त्व द्यावे.

पाण्याच्या ताणावरील इतर उपाय

चुंबकीय प्रक्रियेच्या तुलनेत ज्यांची कारणमीमांसा स्पष्ट आहे, असे अनेक उपाय टोमॅटोसाठी उपलब्ध आहेत. ठिबक सिंचनामुळे पाणी मुळांच्या कक्षेतच पडते. प्लॅस्टिकच्या कागदाचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन जमिनीतून होणारे बाष्पीभवन रोखते. सेंद्रिय खतांमुळे हलक्या जमिनीची ओलावा धरून ठेवण्याची क्षमता वाढते. जमिनीतील उपलब्ध ओलाव्याच्या सुमारे ४० टक्के भाग संपताच पुढील पाणी द्यावे, असा टोमॅटोसाठी सर्वसाधारण निकष आहे. पाणी अपुरे असल्यास फुलोरा व फळे पोसण्याच्या काळासाठी ते राखून ठेवणे आणि शाकीय वाढीच्या काळात सौम्य ताण देणे श्रेयस्कर असते. कोरडवाहू लागवडीसाठी ‘अर्का मेघाली’ हे वाण बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केले आहे. पेरूच्या परिसरातील सोलॅनम पेनेली ही रानटी जाती अवर्षण सहन करणारी असल्यामुळे तिचे गुणधर्म लागवडीच्या टोमॅटोत आणण्याचे प्रयत्न संशोधकांकडून होत आले आहेत.

हेक्टरी ५० लाख लिटर पाणी लागणाऱ्या पिकात दहा टक्के बचत म्हणजे पाच लाख लिटर पाणी होय. एवढी बचत चुंबकीय प्रक्रियेने खरोखर होत असल्यास टंचाईग्रस्त भागांसाठी ती मोलाची ठरेल. म्हणूनच हा दावा काटेकोर व दीर्घकालीन शेतप्रयोगांनी तपासला जाणे आवश्यक आहे. तोवर ही पद्धत वरील सिद्ध उपायांना पर्याय ठरत नाही. मूळ व्यवस्थापन सुधारल्यानंतर आजमावून पाहण्याजोगी पूरक बाब, एवढेच तिचे स्थान राहते.